आत्याचा मान

आयसेलिन, न्यू जर्सी
१२ जून १९९७

ती. सौ. वन्सं यांना नीलाचा सा. नमस्कार.

हे पत्र उभ्याने वाचू नका, आधी बसून घ्या. आपल्या ऋषीचं लग्न ठरलं! फोनवर सांगणार होते, पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की अजूनही माझी बोबडी वळते. कागदावर जरा धीर येतो.

मुलगी स्पॅनिश आहे. साबेला तिचं नाव. फार्मसिस्ट आहे, हसरी आहे, आणि मी केलेलं थालीपीठ तिने न बोलता तीनदा घेतलं. तिचे आई-वडील तीस वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कुठल्याशा खेड्यातून आले. न्यूअर्कला त्यांची बेकरी आहे, इथून अर्ध्या तासावर. माणसं साधी आहेत, मोठ्याने बोलतात. लग्न ११ ऑक्टोबरला, त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या पद्धतीने. आपल्या पद्धतीचं नंतर सांगलीला करायचं, असं ऋषी म्हणतो.

आता खरं काम. त्यांच्यात नवरामुलगा एकटा जात नाही. चर्चच्या दारापासून थेट पुढे वेदीपर्यंत त्याची आई त्याला हाताला धरून नेते. तिला माद्रिना म्हणतात. नुसतं नेऊन सोडायचं नाही, लग्न लागेपर्यंत त्याच्या शेजारीच उभं राहायचं. शेवटी वहीत सहीसुद्धा तिचीच. साबेलाच्या आईने, एल्विराने, हे सगळं मला इतक्या कौतुकाने सांगितलं, आणि मी नुसती मान डोलावत राहिले.

वन्सं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. यांना जाऊन तेरा वर्षं झाली. मुलाच्या संसाराच्या पहिल्या पावलाला माझी सोबत नको. मी एल्विराला ठोकून दिलं, की आमच्यात हा मान आत्याचा असतो. तिला काय कळतंय! लगेच म्हणाली, मग आत्याला बोलवा.

तर तुम्ही या. सवाष्ण आहात, त्याच्या वडिलांची सख्खी बहीण आहात. मी मागच्या बाकावर बसेन. मला त्याचं काही वाटत नाही, खरंच.

तुमची,
नीला

---

सांगली
२९ जून १९९७

चि. गं. भा. नीला हिला अनेक आशीर्वाद.

बसून वाचलं, म्हणून वाचले! अगं, स्पॅनिश? आपल्या घरात? यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मुलगी पोळ्या करते का?" म्हटलं, तिच्या बापाची बेकरी आहे, तुम्हाला आयुष्यभर पाव मिळेल. तेव्हा पेपर उघडून बसले.

दोन दिवस मी रागावले होते, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी आश्लेषा शाळेत शिकवून आली, तिने पत्र वाचलं आणि म्हणाली, "आई, ज्या मुलीने मामीचं थालीपीठ तीनदा खाल्लं तिला नावं कशी ठेवतेस?" मग माझा राग गेला. थोडा राहिलाय, तो मुलीला बघून जाईल.

आणि हा आत्याचा मान कुठून काढलास? एकोणसाठ वर्षांची झाले, सतरा लग्नांत आत्या म्हणून मिरवले, मला कुणी असा मान दिला नाही. साडी दिली, नारळ दिला आणि फोटोत कडेला उभं केलं. पण तू म्हणतेस तर येईन. विमानात बसायची भीती वाटते, पण मान मिळत असेल तर माणूस काय करत नाही!

काय घालायचं, काय बोलायचं, सगळं कळव. परक्यांच्या लग्नात माझं हसं व्हायला नको.

कांचन

---

आयसेलिन
२१ जुलै १९९७

ती. सौ. वन्सं यांना सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि जिवात जीव आला. ऋषीला सांगितलं, आत्या येतेय, तीच तुला घेऊन जाईल. तो म्हणाला, "ओके आई." एवढंच. मग खाली जाऊन गाडी धुवायला लागला. गाडी आदल्या दिवशीच धुतलेली होती.

आता माझी फजिती ऐका. मागच्या रविवारी एल्विराने घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर मला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगावर एक खोका उघडला. आत काळी लेस, मोठ्या ओढणीएवढी, आणि उंच फणी. म्हणाली, "हे तुझ्यासाठी काढून ठेवलं होतं." मी बघतच राहिले. अख्खी काळी! मला वाटलं, ऋषीने हिला माझ्याबद्दल सांगितलं असणार आणि विधवेने काय घालायचं ते हिने काढून ठेवलंय. वाईट तर वाटलंच, पण वन्सं, खरं सांगते, कुठेतरी बरंही वाटलं. म्हटलं, इथेही तसंच आहे, आपल्याला काही समजावत बसायला नको. मी तिचा हात धरून म्हणाले, "आय अंडरस्टॅंड. मी मागेच बसणार आहे."

तिला काही कळेना. साबेलाला हाक मारली. साबेला हसून हसून पलंगावर बसली. अहो, ती लेस माद्रिनाची! त्यांच्यात सगळ्यात मानाची बाई काळं घालते. फणी डोक्यात खोचायची, तिच्यावरून लेस सोडायची आणि रुबाबात चालायचं. एल्विराच्या आजेसासूपासून चालत आलेली लेस आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एल्विराने विचारलंच, मागे का बसणार? मी काहीतरी पुटपुटले. तिला कळलं असावं, कारण ती सांगायला लागली की तिची आईसुद्धा नवरा गेल्यावर मरेपर्यंत काळ्या कपड्यांतच राहिली. गावच्या जत्रेला गेली नाही, कुणाच्या लग्नात नाचली नाही. म्हणजे त्यांच्याकडचं काळंही दोन तऱ्हेचं आहे. मग तिने कॉफी केली.

तर तुम्ही गडद रंगाची साडी आणा, लेस एल्विरा देईल. बोलायचं काही नसतं, फक्त सोबत चालायचं. व्हिसाचं काय झालं?

तुमची,
नीला

---

सांगली
९ ऑगस्ट १९९७

चि. गं. भा. नीला, अनेक आशीर्वाद.

लग्नात काळं! मी यांना सांगितलं तर यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, जसं काही चष्म्यामुळेच ऐकू आलं होतं.

व्हिसाचं चाललंय, ते तू माझ्यावर सोड. बॅगही काढलीय माळ्यावरून. फोन मात्र करू नकोस, आमचा फोन बिघडलाय आणि त्या खात्याचा माणूस येईल तेव्हा खरा.

मला वेगळीच काळजी लागलीय. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. चर्चमध्ये किती चालायचं, वाट सरळ आहे की पायऱ्या आहेत, फरशी गुळगुळीत आहे का, कशाचाच अंदाज नाही. एवढ्या लोकांसमोर पडले तर मान राहील बाजूला, मला उचलायलाच चार जण लागतील. तेव्हा तू एक काम कर. चर्चमध्ये जा आणि माझ्या जागी तू चालून बघ. एकटी नाही, ऋषीचा हात धरून, जसं मला चालायचंय तस्सं. किती पावलं होतात, कुठे थांबायचं, कुठे उभं राहायचं, सगळं मला लिही. उगाच दारातून बघून लिहिशील, तसं नको. चालूनच बघ.

आणि एकदाच नको, दोनदा तरी. पहिल्यांदा माणूस गडबडतं.

कांचन

---

आयसेलिन
१ सप्टेंबर १९९७

ती. सौ. वन्सं यांना सा. नमस्कार.

तुमची आज्ञा पाळली. काल संध्याकाळी पाद्रींची परवानगी काढून ऋषी आणि मी चर्चमध्ये गेलो. एल्विरा आली होती, साबेलाही. बाकी चर्च रिकामं.

दारापासून वेदीपर्यंत अडतीस पावलं. माझी अडतीस, तुमची पंचेचाळीस तरी होतील, रागावू नका. वाट सरळ, मधे लाल जाजम, त्यामुळे घसरायची भीती नाही. शेवटी तीन पायऱ्या आहेत, बुटक्याच. त्या चढलं की ऋषीच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. साबेला तिच्या वडिलांबरोबर नंतर येते, आणि आपण तिथेच.

पहिल्यांदा मी फार भरभर चालले. एल्विरा मागून ओरडली, "बस पकडायचीय का?" दुसऱ्यांदा ऋषीने माझा हात आपल्या कोपरात घट्ट धरला आणि म्हणाला, "आई, स्लो. कुठे जायचं नाहीये आपल्याला." केवढा उंच झालाय तो! रोज घरात बघते, पण शेजारून चालताना कळलं. खांदा अगदी यांच्यासारखा, एक जरा खाली.

तिसऱ्या पायरीवर त्याने विचारलं, "तूच का नाही? यू वॉक फाइन." मी म्हटलं, आत्याचा मान असतो. तो म्हणाला, "आत्याला मी आयुष्यात दोनदा भेटलोय, आई." आणि मग जे म्हणाला ते लिहावं की नाही, कालपासून विचार करतेय. लिहिते. म्हणाला, "सांगलीच्या लग्नात तू दिवसभर किचनमध्ये होतीस. मी तुला सगळीकडे शोधत होतो." चौदा वर्षांचा होता तेव्हा. मला वाटलं होतं, तो पोरांबरोबर पत्ते खेळतोय. मी म्हटलं, अरे, पाहुणे फार होते ना. त्याने माझा हात परत कोपरात घेतला.

तुम्हाला दोष देत नाही, वन्सं. रीत होती, तुम्ही पाळलीत. फक्त तुम्ही लवकर या. त्याच्याशी दोन दिवस बोला, म्हणजे तो तुमच्याबरोबर मोकळेपणाने चालेल. तिकीट कधीचं काढलंत?

तुमची,
नीला

---

(पोस्टकार्ड)
सांगली
१५ सप्टेंबर १९९७

नीला, पत्र मिळालं. तीन पायऱ्या समजल्या. ८ ऑक्टोबरला दुपारी विमानतळावर या, तू आणि ऋषी दोघंही. शेजारच्यांची उल्का त्याच विमानाने येतेय, तिच्यावर लक्ष ठेवा म्हणजे चुकामूक होणार नाही. फोन अजून तसाच.
कांचन

---

सांगली
५ ऑक्टोबर १९९७
(उल्काच्या हाती)

प्रिय नीला,

विमानतळावर उल्काच्या मागे बघत उभी राहू नकोस. मी आलेली नाही. मागून येत नाहीये, पुढच्या विमानानेही येत नाहीये.

आजारी नाही, पडले नाही, व्हिसा नाकारला नाही. मी व्हिसाच्या ऑफिसची पायरीच चढले नाही. बॅग माळ्यावरच आहे. फोनही धडधाकट आहे, आत्ताच दूधवाल्याशी भांडले त्यावरून. जूनमध्येच हे तुला सांगितलं असतं तर तू तिथली एखादी दुसरी सवाष्ण शोधून आणली असतीस. मला तू ठाऊक आहेस. हे वाचतेयस तेव्हा तीनच दिवस उरलेत आणि तुझ्याकडे कुणी नाही. तूच आहेस. आणि वाट तुझ्या पायाखालची झालीय, तेवढ्यासाठीच तुला चालायला लावलं.

शिव्या दे हवं तर. खुशाल दे.

आता जे बारा वर्षांत बोलले नाही ते लिहिते. आश्लेषाच्या हळदीच्या वेळी तू वाटी घेऊन पुढे आली होतीस. बोटं हळदीत बुडवली होतीस. आणि मी सगळ्यांच्या देखत तुझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हटलं, "नीला, तू जरा आत चहाचं बघ." तू "हो वन्सं" म्हणालीस. हात धुतलेस आणि साठ माणसांचा चहा केलास. चहा इतका सुरेख झाला होता, की लोक मागून मागून पीत होते आणि मला विचारत होते, चहा कुणी केला? माझा कप मी मोरीत ओतला.

रीत होती म्हणतेस. रीत माझ्या तोंडाने बोलली, नीला, तोंड माझंच होतं. माझा भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या बायकोला जवळ घ्यायचं सोडून मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं. मला भीती वाटली होती, लेकीच्या संसाराला दृष्ट लागेल अशी. आणि काय झालं? एवढं सगळं शुभ सांभाळूनही सहा वर्षांत माझी पोर बॅग घेऊन परत दारात उभी राहिली. तेव्हा अमेरिकेहून पहिलं पत्र तुझंच आलं. त्यातही तू मला काही टोचलं नाहीस. टोचलं असतंस तर बरं झालं असतं गं.

आणि तुझं मागचं पत्र! ऋषी तुला शोधत होता, हे वाचलं आणि मी पत्र हातात घेऊन देवघरात जाऊन बसले. रडले. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, माझं पाप झालं. चौदा वर्षांचं पोर आईला शोधत फिरत होतं आणि मी मांडवात अत्तर लावत होते.

मी आले असते तर मिरवले असते. मला मिरवायला आवडतं, हे तुला सांगायला नको. ऋषीच्या लग्नात मी नाही, हे मला जन्मभर लागेल. लागू दे. पण तू मागच्या बाकावर आणि मी तुझ्या जागी, हे माझ्या हातून दुसऱ्यांदा होणार नाही.

सोबत साडी पाठवतेय, काळी चंद्रकळा. दुकानदार म्हणाला, "काकू, संक्रांतीला अजून तीन महिने आहेत." म्हटलं, संक्रांत नाही, लग्न आहे. बिचाऱ्याने गुपचूप साडी बांधून दिली. ब्लाऊज आश्लेषाने शिवलाय, अंदाजाने. सैल झाला तर पिन लाव. पण नेस. आणि कुणी विचारलं तर सांग, आत्याने तिचा मान मला दिला.

मला क्षमा कर, असं लिहायला हात धजत नाही. पण तेच लिहायचं होतं.

तुझी,
कांचन

---

आयसेलिन
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय वन्सं,

तुम्ही फार लबाड आहात.

विमानतळावर आम्ही दीड तास उभे होतो. ऋषीने तुमच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. दारातून उल्का आली आणि तिच्या मागे कुणीच नाही. तिने पाकीट हातात दिलं. मी तिथेच, त्या रिकाम्या व्हीलचेअरमध्ये बसून वाचलं. ऋषी विचारत होता, "आत्या ठीक आहे ना? इज शी ओके?" शेवटी पत्र त्याच्याच हातात दिलं. तुमचं अक्षर त्याला लागत नाही, म्हणून उल्काने त्याला वाचून दाखवलं, गर्दीत उभी राहून. हळदीचं आलं तेव्हा ती थांबली. तो म्हणाला, "नो, वाच."

मला आधी राग आला. खूप आला. परस्पर ठरवणाऱ्या तुम्ही कोण, असंही वाटलं. रात्रभर ठरवत होते, की मी नाहीच जाणार, ऋषी एकटा चालेल. सकाळी तो चहा घेऊन माझ्या खोलीत आला. चहा फार वाईट केला होता. म्हणाला, "आई, तू नाही आलीस तर मी पण मागच्या बाकावर बसतो. साबेला येईल आणि विचारेल नवरा कुठे आहे." आणि हसला नाही. तेव्हा मला कळलं, की त्याला मी हवी होते. जूनपासून हवी होते. मी त्याला वाईटापासून वाचवतेय असं मला वाटत होतं, आणि तो बिचारा धुतलेली गाडी परत धूत होता.

ब्लाऊज सैल झाला. चार पिना लावल्या. तेरा वर्षांनी चंद्रकळा नेसले, वन्सं. आरशात बघायला आधी धीरच होईना. एल्विराने फणी खोचली, लेस सोडली, दोन पावलं मागे गेली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. साबेलाच्या मावशीने ते इंग्रजीत सांगितलं: "ही राणीच दिसते, आम्ही कोण?" मी खूप लाजले. एल्विराला काळी साडी इतकी आवडली की पदर सोडीचना.

दार उघडलं. बाकांवरची दीडशे माणसं उभी राहिली. मला वाटलं, कुणीतरी मोठं आलंय, म्हणून मी मागे वळून बघितलं! मागे कुणी नव्हतं. ऋषी खुदकन हसला. मग आम्ही निघालो. पावलं मोजायची ठरवलं होतं, बारापर्यंत मोजली, पुढे विसरले. डावीकडे एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते, कोण होते कुणास ठाऊक. तिन्ही पायऱ्या चढलो. त्याला त्याच्या जागी उभं केलं, कोटावरचा एक धागा काढला. आणि वन्सं, माझे पाय आपोआप मागे वळले. कुणी सांगितलं नव्हतं. माझं काम झालं, आता इथून निघायचं, एवढंच शरीराला ठाऊक. पहिली पायरी उतरलेसुद्धा.

ऋषीने माझा हात सोडला नव्हता. हळूच म्हणाला, "आई, कुठे चाललीस? तुझी जागा इथे आहे." मराठीत म्हणाला, अगदी स्वच्छ. पाद्रींनीही बोटाने जागा दाखवली. मी पायरी परत चढले.

तुम्ही क्षमेचं लिहिलंत. मला खोटं लिहिता येणार नाही. मी तो दिवस विसरले नव्हते. सांगलीहून पत्र आलं की अजून हळदीचा वास यायचा. रागही होता, तो तुम्हाला दिसू नये म्हणून मी इतकं गोड वागत होते. पण परवा राग शोधला तर सापडला नाही. एवढं लबाडीचं, एवढं मोठं काम माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. माझ्या आईनेही नाही.

मग साबेला आली, वडिलांच्या हातात हात घालून. पांढरा झगा, आणि केसांत आपल्या अबोलीसारखी दिसणारी केशरी फुलं. त्यांच्यात अंगठी उजव्या हातात घालतात. त्याने आधी तिचा डावा हात धरला, मग गोंधळला, मग दोघंही हसली. हसताना तिच्या नाकाला सुरकुत्या पडतात. मी हे सगळं इतक्या जवळून बघत होते! आपण कुठे उभ्या आहोत, कोण आपल्याकडे बघतंय, कुणाची वाट तर अडवत नाही ना, यातलं काही मनात आलं नाही. वन्सं, तेरा वर्षांत लग्नाला गेले आणि माझं लक्ष नुसतं लग्नाकडे होतं, असं पहिल्यांदाच झालं.

तुमची,
नीला